भाटकाराचं गाऱ्हाणं

काकांनी गाडी घेतली ही बातमी गाडीच्या कितीतरी आधी आमच्या वाडीत येऊन पोचली. आधी पत्र आलं, मग गावी आलेल्या एका चाकरमान्याबरोबर तोंडी निरोप आला, आणि शेवटी तिठ्यावरच्या दुकानात काकांचा फोन आला. त्यासाठी बाबा हातातला कोयता तसाच घेऊन धावत गेले. निरोप एवढाच होता की यंदा चतुर्थीला आम्ही एस्टीने येणार नाही, स्वतःच्या गाडीने येणार, तरी रस्त्यावर आलेल्या कुंपणाच्या फांद्या छाटून ठेव, गाडीला ओरखडा पडता कामा नये. बाबा 'बरा' म्हणाले. बाबा सगळ्यालाच 'बरा' म्हणायचे. काका थोरले होते आणि मुंबईत ऑफिसात होते, बाबा धाकटे होते आणि गावात शेतात होते, तेव्हा घराला कुठला रंग द्यायचा, कुठला फणस तोडायचा, माझ्या शाळेचं पुढे काय करायचं, हे सगळं काका मुंबईहून ठरवायचे. पावसात कौलं कुठे गळतात हे ठरवण्याची मुभा मात्र बाबांना होती, कारण खाली भांडं त्यांनाच ठेवावं लागायचं.

बाबांना मतं नव्हती असं नाही. विहिरीचा कठडा वाढवूया, असं ते दर वर्षी म्हणायचे. आई म्हणायची, आधी भावजींना विचारा. भावजी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. काजूची जुनी झाडं काढून नवी कलमं लावूया म्हणाले, तर शेजारचे दाजी, ज्यांच्या स्वतःच्या बागेत काजूपेक्षा रान जास्त होतं, तेसुद्धा हसले. मीही काही कमी नव्हते. बाबांनी 'अभ्यासाक बस' म्हटलं की मी आईच्या तोंडाकडे बघायचे, की हे खरंच आहे का. असा हा आमच्या घराचा कारभार होता, आणि त्यात कुणालाही काही वावगं दिसत नव्हतं, बाबांनाही नसावं, असं मी तेव्हा धरून चालले होते.

आमच्याकडे एक कुत्रा होता. म्हणजे तो आमच्याकडे असायचा. तो आमचा आहे की नाही हा प्रश्न त्याच्यावर गाडी जाईपर्यंत कुणाला पडला नव्हता. पिल्लू असताना कुठूनसा आला, घरापुढच्या खळ्यात मधोमध आडवा झाला आणि मग कुणी कितीही ओरडलं तरी हलेना, तेव्हा आईने त्याचं नाव भाटकार ठेवलं. भाटकार म्हणजे आमच्याकडे जमीनदार. तांबूस रंग, एक कान उभा आणि एक पडलेला. पोस्टमन आला की जीव तोडून भुंकायचा आणि नारळ चोरायला आलेल्या माणसाच्या मागून शेपटी हलवत सड्यापर्यंत जायचा. आई त्याला दिवसभर 'मेलो भाटकार' म्हणून शिव्या द्यायची आणि संध्याकाळी पेजेत माशाचं डोकं घालून त्याच्यापुढे ठेवायची, तेही काटे काढून. श्रावण लागला की माशाचं डोकं बंद. व्रत धरायचं माणसांनी आणि उपास घडायचा कुत्र्याला, अशी आमची धार्मिक व्यवस्था होती. मग त्या दिवसांत त्याने नारळाची चटक लावून घेतली. आई विळीवर नारळ खवायला बसली की हा समोर येऊन असा बसायचा, जणू खोबऱ्याचा वाटा त्याच्या नावावर आहे.

मी एकुलती होते. शाळेतून येताना ओहोळावर साकव लागायचा, तिथपर्यंत भाटकार मला घ्यायला यायचा. पाऊस असो, ऊन असो, साकवाच्या आमच्या बाजूला बसून राहायचा. पलीकडे कधी आला नाही, पाण्याला भ्यायचा. माझा त्याच्यावर फार जीव होता. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी तिरकस बोलले, पण हे सरळ लिहिते आहे. हल्ली मालवणच्या किनाऱ्यावर पुण्या-मुंबईची कुत्री रेनकोट घालून फिरताना दिसतात, त्यांचे मालक स्वतःला आई-बाबा म्हणवून घेतात, आणि परवा माझ्या चुलतभावाच्या मुलाच्या कुत्रीचा वाढदिवस झाला तर मला केकचा फोटो आला. मी हसले, पण फार नाही. भाटकाराला कुणी केक दिला असता तर त्याने तो खाल्ला असता आणि केक देणाऱ्याच्या अंगणात जाऊन मधोमध आडवा झाला असता.

काका चतुर्थीच्या आदल्या दिवशी आले. गाडी पांढरी होती आणि तिच्या सीटांवर कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. काकूंनी सांगितलं की मुंबईपासून इथवर पाठीला घाम येऊन येऊन जीव गेला, पण काका प्लास्टिक काढू देत नाहीत. वाडीतली सगळी माणसं गाडी बघून गेली. दाजी तिच्याभोवती फेरी मारून आले, बोनेटवर हळूच हात ठेवला आणि म्हणाले, थंड लागते. रात्रभर प्रवास केलेलं इंजिन थंड कसं लागेल, पण काकांना ते कौतुक वाटलं. काकांनी मला गाडीत बसवून तिठ्यापर्यंत नेऊन आणलं. बाबांना म्हणाले, तुला उद्या. बाबा 'बरा' म्हणाले आणि माटवी बांधायला गेले. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट बाबा दर वर्षी एकटे सजवायचे, रानातून हरणाची फुलं, कवंडाळं, सुपाऱ्यांचे घोस, आंब्याचे टाळे आणून. काका आरामखुर्चीत बसून उजवी बाजू खाली गेली आहे असं सांगायचे. आई चुलीपाशी काळे वाटाणे भिजत घालत होती, काकू हळदीची पानं पुसत होत्या, आणि पलीकडच्या घरात भजनवाल्यांच्या पेटीचा भाता कुणीतरी आधीच तपासून बघत होतं. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घराला जो वास यायचा, ओल्या पानांचा, गुळाचा आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचा, तो मला अजून कुठे मिळालेला नाही.

सकाळी भटजी आले. त्यांना त्या दिवशी अख्ख्या गावातले गणपती बसवायचे असल्यामुळे मंत्र फार वेगात चालायचे. गणपती बसला. भटजी पंचा झटकून उठले तेव्हा काका म्हणाले, आलाच आहात तर गाडीचीही पूजा करून टाका. खळ्यात गाडीला हार घातला, कुंकवाची बोटं ओढली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि समोर नारळ फोडला. नारळ चांगला फुटला, एक भकल दाजींच्या पायाशी गेलं आणि एक गडगडत गाडीखाली. आता काकांनी गाडीत बसायचं, गाडी पुढे घेऊन लिंबं चिरडायची आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या, असा शास्त्रार्थ होता. तो आम्ही यथासांग पार पाडला. सगळ्यांचे डोळे लिंबांवर होते. महिनाभर मासा न मिळालेलं एक जनावर मागून भकलाच्या शोधात गाडीखाली शिरलं आहे, हे कुणीच बघितलं नाही. लिंबं फुटली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांमधून भाटकाराचं ओरडणं ऐकू आलं.

काका दार उघडून उतरले आणि सर्वांत आधी त्यांनी मागचा पत्रा बघितला. पत्र्याला काही झालेलं नव्हतं. भाटकाराचा मागचा उजवा पाय चाकाखाली सापडून मोडला होता, हाड बाहेर दिसत होतं, आणि तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत गाडीखालून बाहेर यायला बघत होता. बाबा नव्या धोतरात होते, सोवळ्यात. तसेच ते चिखलात आडवे झाले, हात घालून त्याला बाहेर ओढलं, आणि गोठ्यात नेऊन पोत्यावर ठेवलं. आई मागून म्हणत राहिली की अजून नैवेद्य व्हायचा आहे, पुन्हा आंघोळ करावी लागेल. बाबांनी मुकाट्याने विहिरीवर जाऊन आंघोळ केली.

मग गोठ्यात भूतदयेला भरती आली. जो तो येऊन बघून जायचा आणि काहीतरी सांगून जायचा. एकीने हळद आणून दाबली. एकीने तोंडात तुळशीचं पाणी घातलं, ते मरणाऱ्याच्या तोंडात घालतात हे लक्षात येऊन मी तिचा हात ढकलला. कुणी म्हणालं निवडुंगाचा चीक, कुणी म्हणालं कसलाच हात लावू नका, निसर्ग बघून घेतो. दाजी तर काकांचं सांत्वन करायला आले. कुत्र्याला लागलं याचं काकांना वाईट वाटत असेल अशी त्यांची समजूत असावी, पण त्यांनी सांत्वन केलं ते गाडीबद्दल. नव्या वाहनाला रक्त लागणं शुभच, म्हणाले, वाटेवरच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा वाचला. काकांच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. रक्त मात्र गोठ्यात थांबत नव्हतं. मी माझी शाळेची ओढणी त्याच्या पायाला गुंडाळली होती आणि ती बघता बघता काळी झाली.

गुरांचा दवाखाना बाजारपेठेच्या गावात होता. चतुर्थीच्या दिवशी रिक्षावाला स्वतःच्या गणपतीपुढे बसला होता, एस्टीत माणसांनाच उभं राहायला जागा नव्हती. राहता राहिली गाडी, जी खळ्यात हार घालून उभी होती. मी काकांकडे गेले. काका मुंबईला राहिल्यापासून आम्हा मुलांशी पुस्तकातलं मराठी बोलायचे. त्यांनी मला जवळ बसवून समजावलं की बाळा, आजचा दिवस कुठला, दवाखाना बंद असणार, सीटची काय अवस्था होईल, आणि शेवटी कुत्रं ते कुत्रं, आपण दुसरं छान पिल्लू आणू. शिवाय, त्यांनी विचारलं, तो आपला आहे का? आई म्हणाली, तसा आपला नाही, दाजींच्या माडाखालीच जास्त असतो. दाजी म्हणाले, खातो तुमच्याकडे, म्हणजे तुमचाच. इतकी वर्षं ज्याला दोन्ही घरं आपला म्हणत होती तो त्या तासाभरात कुणाचाच राहिला नाही. सगळ्यांना त्याची दया येत होती, आणि दया येण्यापलीकडे कुणाला काही करायचं नव्हतं. मी बाबांकडे गेले. बाबा म्हणाले, 'बगूया.' बाबांचा 'बगूया' मला पाठ होता. मी गोठ्यात जाऊन भाटकाराचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि तो जाणार हे मनाशी धरून चालले.

दुपारची आरती झाली. पानं मांडून झाली होती, मोदकांचं पातेलं उतरलं होतं, अळू, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळ्याचा वास माजघरात दाटला होता. आता फक्त गाऱ्हाणं राहिलं होतं. आमच्याकडे देवापुढे घरातल्या कर्त्याने नारळ धरून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं असतं, आणि त्याच्या प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. हक्काने ते काकांचं काम. पण काकांना मुंबईत राहून शब्द आठवेनासे झाले होते, एका वर्षी मधेच अडकून त्यांनी देवाला 'कळावे' म्हटलं होतं, तेव्हापासून गाऱ्हाणं बाबांकडे आलं होतं. काकांनी मग 'होय म्हाराजा'ची जबाबदारी उचलली. गावाची ओढ त्यांच्या त्या आरोळीत बाहेर पडायची. मला आईने गोठ्यातून ओढत आणून उभं केलं. बाबांनी डाव्या हाताला पंचा गुंडाळला होता आणि उजव्या हातात नारळ होता.

"बा देवा गणपती म्हाराजा," बाबांनी सुरू केलं, "आज तुझी लेकरा, गाववाली आनि मुंबयवाली, तुझ्या पायाकडे एकत्र जमली आसत. तुझा वर्साचा काय ता आमी आमच्या परीन केला. काय चुकला माकला आसात, तर पदरात घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले, वर काकांचा आवाज.

मग शेतीभाती, गुरंढोरं, चुलतभावाची परीक्षा, काकूंची कंबर. हे दर वर्षीचं होतं, सगळ्यांचं अर्धं लक्ष मोदकांत होतं, आणि 'रे म्हाराजा' कानावर पडलं की उत्तर आपोआप निघत होतं. बाबांचा आवाज एरवी कुणाला ऐकू जायचा नाही, गाऱ्हाण्यात मात्र तो भरून यायचा, खालपासून वर चढत जायचा. "माझ्या थोरल्या भावान नवी गाडी घेतल्यान," ते म्हणाले, "तिका आनि ती चालवणाऱ्याक सुखरूप ठेव रे म्हाराजा." काकांनी एवढ्या जोरात 'होय म्हाराजा' म्हटलं की समईची ज्योत हलली. बाबांनी श्वाससुद्धा घेतला नाही. त्याच चालीत, त्याच आवाजात पुढे म्हणाले:

"आनि तुझ्या दारातलो जो मुको जीव त्याच गाडयेच्या चाकाखाली गावलो, तेका त्याच गाडयेत घालून आताच्या आता दवाखान्यात नेवची बुदी तू गाडीवाल्याक दी, आनि तो बरो होयसर तेची जबाबदारी गाडीवाल्यार ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," घर म्हणालं, आणि सगळ्यांत मोठ्याने काका म्हणाले.

बाबांनी वाकून नारळ देवापुढे ठेवला. ठेवलेला नारळ परत उचलत नाहीत, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. आधी दाजींच्या चेहऱ्यावर ते उमटलं, मग आईच्या, आणि सगळ्यात शेवटी काकांच्या. पुस्तकातलं मराठी त्यांच्या तोंडून पळालं. असं कुठे गाऱ्हाणं असतं का, असं ते मालवणीत विचारू लागले, कधी इनामदाराने, कधी गावकाराने कुत्र्यासाठी देवाकडे मागणं मागितलं आहे का. बाबा देवाकडे बघत उभे होते. उत्तर काकूंनी दिलं. काकू मुंबईच्या असल्या तरी देवाला आमच्यापेक्षा जास्त भ्यायच्या.

"अहो, तुम्ही होय म्हणालात."

"सगळेच म्हणाले," काका म्हणाले.

"सगळ्यांकडे गाडी नाहीये."

काकांनी शेवटचा प्रयत्न म्हणून वाढलेल्या पानांकडे बोट दाखवलं आणि जेवून लगेच निघतो असं कबूल केलं. काकू म्हणाल्या, गाऱ्हाण्यात 'आताच्या आता' होतं. मग काकांनी मागच्या सीटच्या प्लास्टिकवर वर्तमानपत्र घातलं, त्यावर पोतं, पोत्यावर केळीची पानं. माणसांची पानं माजघरात थंड होत राहिली आणि भाटकार हार घातलेल्या गाडीत केळीच्या पानावर आडवा झाला. बाबा त्याचं अंग धरून बसले, मी डोकं धरून. काका रस्ताभर खड्डा आला की तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे, ते खड्ड्याला असेल असं मी समजून घेतलं. पण खड्डे ते चुकवत होते, हेही मी बघत होते.

गुरांचे डॉक्टर घाटावरचे होते. रजा न मिळाल्यामुळे ते भाड्याच्या खोलीत राहिले होते, आणि आम्ही पोचलो तेव्हा घरमालकाच्या गणपतीपुढे झांज वाजवत होते. झांज दुसऱ्याच्या हातात देऊन ते आले, दवाखाना उघडला. बकऱ्यांच्या टेबलावर भाटकाराला निजवून त्यांनी इंजेक्शन दिलं, जखम धुतली, हाड बसवलं, बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली. मी डोळे मिटले नाहीत, कारण भाटकाराने मिटले नव्हते. तो माझ्याकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, जगेल, पाय कितपत टेकेल ते सांगत नाही, पण संध्याकाळपर्यंत घरी ठेवला असता तर रक्त जाऊनच मेला असता. मग हात पुसत त्यांनी काकांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले की सणाच्या दिवशी, भरलं पान सोडून, नव्या गाडीतून कुत्रं आणणारा माणूस त्यांनी आजवर बघितलेला नाही, अशी माणसं पाहिजेत. काकांनी मान किंचित खाली घातली.

"मुकं जनावर," काका म्हणाले. "आपलीच जबाबदारी."

मी बाबांकडे बघितलं. बाबा टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत होते. तेवढ्यात डॉक्टरांची नजर त्यांच्या हातावर गेली आणि त्यांनी विचारलं की हा पंचा कशाला गुंडाळलाय. बाबा म्हणाले, 'कुत्र्याचा रगत.' डॉक्टरांनी पंचा सोडला. अंगठ्याच्या खाली दातांच्या खोल खुणा होत्या, हात सुजून टम्म झाला होता. सकाळी गाडीखालून ओढताना भाटकार वेदनेने चावला होता. तो हात घेऊन बाबांनी आंघोळ केली होती, आरती केली होती, आणि येताना सगळा रस्ता त्याच हाताने त्याला धरून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, 'वायच दात लागलो.' डॉक्टरांनी सांगितलं की माणसांच्या दवाखान्यात जा आणि पोटातली इंजेक्शनं सुरू करा, आजच.

काका ओरडले. एवढे ओरडले की बाहेर रस्त्याने घरोघर जाणारे आरतीवाले थांबून बघायला लागले. "तोंड नाय तुका? सकाळपासून गप ऱ्हवलंस? काय झाला असता तर?" बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला आणि ते पाठ वळवून गाडीकडे गेले. मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं की काकांना बाबांची काळजी वाटू शकते. आजवर ती त्यांनी अशी लपवली होती की आम्हाला कुणाला संशयसुद्धा आला नव्हता. माणसांच्या दवाखान्यातही तेच घेऊन गेले, आणि रजा संपेपर्यंत दर खेपेला तेच घेऊन जात राहिले. पहिल्या खेपेला बाबा सवयीने मागे बसायला निघाले, तर काका त्यांच्यावर खेकसले आणि पुढचं दार उघडून धरलं.

भाटकार जगला. पाय कायमचा आखडला, तीन पायांवर उड्या मारत चालायचा, पण साकवापर्यंत यायचा सोडला नाही, फक्त निघायचा लवकर. पुढे कित्येक वर्षं खळ्यात मधोमध आडवा होऊन राहिला आणि म्हातारपणी झोपेत गेला. काकांनी मुंबईत ही गोष्ट सांगायला सुरुवात केली. ऑफिसात सांगितली, सोसायटीत सांगितली, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितली. दर खेपेला गाऱ्हाणं थोडं थोडं लहान होत गेलं आणि शेवटी गळूनच पडलं, राहिला तो भरलं पान सोडून उठलेला दयाळू माणूस. मला आधी राग यायचा. पण सांगून सांगून काकांना त्या माणसासारखं वागणं भाग पडलं असावं. निवृत्तीनंतर ते सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना दवाखान्यात नेऊ लागले, त्यासाठी शेजाऱ्यांशी भांडू लागले, आणि गेले तेव्हा जिन्याखाली एक लंगडी कुत्री दोन दिवस जेवली नाही, असं काकू सांगतात. चांगुलपणाचं श्रेय चुकीच्या माणसाला मिळालं तरी कधी कधी तो ते फेडत बसतो, एवढं मला कळलं आहे. हल्ली लोक कुत्र्याला धडक मारून व्हिडिओ काढतात आणि त्याखाली शेकडो जण रडणारे चेहरे टाकतात. आमच्या गोठ्यात जमलेल्यांकडे फोन नव्हते, एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा दिवस कलला होता. मोदक थंड होऊन कडक झाले होते. काका एका घासात एक मोदक खात जेवले आणि आरामखुर्चीत जाऊन पडले. भजनवाले यायला अजून अवकाश होता. बाबा चुलीपाशी बसले होते, उजव्या हाताने जेवत, डावा हात मांडीवर उताणा ठेवून. आईने त्यांना दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढताना मात्र तिला राहवलं नाही. दिवसभर तिच्या मनात हेच चाललं असणार. ती कुजबुजत म्हणाली की झालं ते बरं झालं, पण देवाच्या गाऱ्हाण्यात आपल्या मनातलं घालायचं नसतं, भावजींना सरळ सांगायला काय झालं होतं.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. रागावले नाहीत. आवाजही चढवला नाही.

"देवाच्या म्होरं सोडून," ते म्हणाले, "माझ्या बोलण्याक ह्या घरात होय कोण म्हणता?"

आईचा हात वाढताना तसाच राहिला. मी दारात उभी होते. बाबांनी पानातला उरलेला भात एका बाजूला केला, वाडग्यात थोडी पेज घेतली आणि भाटकाराला भरवायला गोठ्यात गेले.